सत्तावीस नंबरच्या फाईलीवरचं नाव

भैय्याजींनी चहाला हात लावला नाही, तेव्हाच गुलाबरावांनी ओळखलं की काहीतरी मोठं बिघडलंय. बियाण्याच्या धंद्यातला माणूस मे महिन्याच्या शेवटी, ऐन घाईच्या दिवसांत, सकाळी दहाला लोकांच्या घरी येऊन पंख्याखाली बसतो आणि कपातल्या चहावर साय धरू देतो, हे काही साधं नव्हे.

"बाई," भैय्याजी शालूबाईंना म्हणाले, "मले चोर नाई पाह्यजे. चोर सापडला हाय. मले कोनीतरी सांगा का तो चोर नाई म्हणून."

शालूबाईंनी सव्वीस वर्षं वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. सक्तीची नव्हे, स्वतःहून निवृत्ती घेतली आणि दारावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावली. आधी लोक हसले. मग हळूच मागच्या दाराने यायला लागले. गुलाबराव त्यांचे यजमान. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातली कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते हे त्यांना झोपेतही सांगता येई. बाकी जगाच्या बाबतीत ते जरा उशिरा पोचत.

भैय्याजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "ज्योत्स्नाचा राजीनामा. काल दिला. एक शब्द नाई बोलली. सोमवारी मी यावर सही केली का तिची नोकरी गेली, अन् नावही गेलं. मंग जिल्ह्यात कोनी बियाण्याचा मानूस तिले दारात उभा करणार नाई."

"पयल्यापासून सांगा," शालूबाई म्हणाल्या.

भैय्याजींची 'सरजाई सीड्स' आर्वी रोडवर. सोयाबीनचं बियाणं. प्रत्येक लॉटमधले शंभर-शंभर दाणे मोजून चार ट्रेंत पेरून पाहायचे, सरासरी किती उगवतात ते लिहायचं. सत्तरच्या खाली आकडा गेला, तर तो माल बियाणं म्हणून विकता येत नाही, तेलघाण्याला जातो. लॉट नंबर सत्तावीसचा आकडा एप्रिलमध्ये चौऱ्याऐंशी आला होता. त्यावर सही-शिक्का झाला, फाईल सर्व्हरवर ठेवली गेली. शुक्रवारी सकाळी आर्वी आणि आष्टीसाठी दोन ट्रक भरून उभे राहिले. ट्रकांच्या पावत्या छापायला घेतल्या, तर कंप्युटर म्हणतो, लॉट नापास. फाईलीत चौऱ्याऐंशीच्या जागी चौसष्ट.

"कोनीतरी आकडा बदलवला. नऊशे थैल्या उतरवा लागल्या. पियुषनं, म्हणजे आमच्या कंप्युटरवाल्यानं, फाईल पाह्यली. तिच्यावर ज्योत्स्नाचं नाव. बदल केल्याची वेळ गुरुवार, पाच बावन्न. आता आमचं आफिस साडेपाचले सुटते. पाच चाळीसच्या एसटी मोटरनं सगळे जातात. मी बी त्याच वेळेस गेलो. वॉचमन सांगते, आतमधी फक्त ज्योत्स्ना होती. तिचा नवरा सव्वासहाले तिले न्याले येते."

"नवरा काय करते?" गुलाबरावांनी विचारलं.

"दुसऱ्या बियाण्याच्या कंपनीचा सेल्समन हाय," भैय्याजी खाली पाहत म्हणाले. "म्हणून तर."

गुलाबरावांनी शालूबाईंकडे 'संपलं की' अशा नजरेनं पाहिलं. शालूबाईंनी त्या नजरेकडे लक्ष दिलं नाही.

"गुरुवारीच," भैय्याजी बोलत राहिले, "पाच वाजतापासून साडेपाच होईस्तोवर माह्या कॅबिनमधी समोर बसून तिनं डीलरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. माहे चष्मे फुटलेले. एका चिठ्ठीत लिवणाऱ्यानं मले 'भैय्याजी साहेबीन' लिवलतं, तर हसता हसता तिच्या डोळ्याले पानी आलं. अन् मी उठल्यावर वीस मिनिटांत हे?"

"कारखान्यात कोणाकोणाले माहीत हाय?"

"मी, पियुष अन् ती. बाकीच्यायले सांगतलं का तिची पोट्टी तापली म्हणून ती घरी हाय. नाव खराब करू कशाले, खात्री झाल्याबिगर?"

"तुम्हाले खात्री नाई," शालूबाई म्हणाल्या, "हीच पयली चांगली गोष्ट. चहा प्या. सायीसकट."

•

रामनगरातल्या दोन खोल्यांत ज्योत्स्ना मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. खुशी सात महिन्यांची. तिला ताप वगैरे काही नव्हता. आईची बांगडी तोंडात घालायचा तिचा उद्योग चालला होता. आई मात्र दोन रात्री न झोपल्यासारखी दिसत होती.

"मी आकडा नाई बदलवला," ती म्हणाली. "पण माहं नाव हाय तिथं. पियुषनं दाखवलं. मंग मी काय बोलू?"

"मले तुह्या दिवसाचं सांग," शालूबाई म्हणाल्या आणि खुशीपुढे आपलं बोट धरलं. खुशीनं बांगडी सोडून बोट धरलं.

दिवस साधाच होता. नऊला हजर. लॉटच्या फायली भरायच्या, चिठ्ठ्या टाईप करायच्या. दुपारी एक वाजता सासूबाई ऑटोनं खुशीला दूध पाजण्यासाठी घेऊन यायच्या. ऑफिसमध्ये सगळीकडे काचेच्या भिंती, आतून कडी लागणारी खोली एकच, तपासणीची खोली. तिथल्या अण्णाजींनी स्वतःहून सांगितलं होतं, 'पोरी, तू इथं बस, मी बाहेर बिड्या मोजत बसतो.' अण्णाजी बिडी ओढत नाहीत.

हे सांगताना ज्योत्स्ना हसली.

"अर्धा तास जाय ना जी रोजचा. काम मागं पडे. म्हणून मी तिथल्याच कंप्युटरवरून आपल्या फायली उघडत जाव. एक हात हिच्या डोक्याखाली, एक हात कीबोर्डवर. तो कंप्युटर येडा. दरवेळी नाव विचारे, पासवर्ड विचारे. एका हातानं टाईप करा, चुकलं का पुन्हा करा. एक दिवस तर हिनं वायरच ओढली. मंग मी..."

ती थांबली. शालूबाईंकडे पाहिलं. मग खुशीकडे पाहिलं, आणि तिचं झबलं उगाचच नीट करू लागली.

"मंग काय?"

"काई नाई. शालूताई, मी राजीनामा देल्ला ना. आता चौकशी काऊन करून राह्यले तुम्ही? जाऊ द्या ना."

बाहेर आल्यावर गुलाबराव म्हणाले, "पाह्यलं? बोलता बोलता अडकली. मनात काहीतरी हाय तिच्या."

"हाय ना," शालूबाई म्हणाल्या. "पण काय हाय, ते तुम्ही अन् मी वेगळंवेगळं समजून राह्यलो."

•

कारखान्यात भैय्याजींनी दोघांची ओळख 'विम्याच्या कंपनीकडून कंप्युटर पाहायला आलेले' अशी करून दिली. गुलाबरावांनी लगेच पोट आत घेतलं.

पियुष पंचविशीतला, वर्ध्याच्याच कॉलेजातून शिकलेला. सर्व्हरची खोली थंडगार, आणि तिची किल्ली त्याच्या कमरेला. भैय्याजींनी त्याला खरं काय ते सांगूनच ठेवलं होतं. "आमचे कंप्युटर डोमेनवर चालतात," तो म्हणाला.

"हे डोमेन काय असते भाऊ?" गुलाबरावांनी विचारलं.

"काका, तुमचा डेपो समजा. पास असला का मानूस गाडीत बसते, कोनी टोकत नाई. तसं ज्योत्स्नाताईचं एकच नाव, एकच पासवर्ड. सकाळी एकदा टाकला का दिवसभर सर्व्हर त्यायले ओळखते. ज्याले जी फाईल उघडायची परवानगी, तीच उघडते. डोमेनच्या घरातल्या सगळ्या कंप्युटरचं नाव, गाव, घड्याळ, समदं सर्व्हर सांभाळते."

"अन् पास नसला तर?"

"तर दरवाज्यात विचारते, तू कोण? तपासणीच्या खोलीतला एक कंप्युटर डोमेनच्या बाहेर हाय. ओलावा मोजायच्या यंत्राचा प्रोग्रॅम जुना, डोमेनमधी घेतला का बंदच पडे. म्हणून तो पाव्हणा. त्याचं त्यानं पाहावं. तारेनं जोडलेला हाय, पण फाईल पाह्यजे असली तर नाव-पासवर्ड सांगावा लागते."

शालूबाईंनी सत्तावीस नंबरच्या फाईलीचा कागद मागितला. पियुषनं छापून दिला आणि बोटानं दाखवत वाचला. फाईलीच्या मालकाच्या जागी ज्योत्स्ना. फाईल तयार झाली गुरुवारी, सव्वीस मे, पाच एकोणतीस. शेवटचा बदल त्याच दिवशी, पाच बावन्न.

"हे नाव तुले बदलवता येते?"

पियुषचे कान लाल झाले. "येते. मी कोनाचंबी नाव लावू शकतो. पण काकू, मले जर आकडाच बदलवाचा असता, तर मी मालकाच्या जागी स्वतः भैय्याजीचं नाव टाकलं असतं. कोनी विचारलंच नसतं."

"हुशार हायेस," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि 'पाच एकोणतीस'च्या खाली बारीक रेघ ओढली. "ही फाईल एप्रिलची ना?"

"हो. काऊन?"

"काई नाई. सहजच."

•

माल पाठवायचं काम नीरज पाहायचा. टेबलावर ट्रकांच्या पावत्या, आणि पावत्या उडू नयेत म्हणून सुपारीएवढे दोन गोल दगड ठेवलेले. चेहरा आंबट.

"सत्तावीस नंबरचं काय विचारता? माह्याच डोक्यावर आलं ते. आर्वीचा डीलर फोनवर फोन करून राह्यला."

"गुरुवारी संध्याकाळी तुम्ही इथं होते?"

"नाई. तीन वाजता गेलतो. आर्वीले. डीलरकडे. वॉचमनच्या वहीत लिवलं हाय."

"आर्वीले कोनत्या गाडीनं गेले?" गुलाबराव.

"मोटरसायकलनं."

शालूबाईंनी एक दगड उचलून हातावर तोलला. "हे गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवरचे ना? माह्या आईकडे होते असे. गुरुवारी दर्ग्यावर गर्दी असते नाई?"

नीरजनं दाराकडे पाहिलं. आवाज एकदम उतरला. "बाई, भैय्याजीले सांगू नका. लग्नाले सात वर्षं झाली, लेकरू नाई. बायको म्हणे, एक डाव चला. कामाच्या दिवशी सुटी मागाची लाज वाटली. रात्री आठले घरी आलो. समुद्रपूरच्या पंपावर पेट्रोल भरलं, त्याची पावती हाय."

"दगड बायकोनं देल्ले?"

"दोन उचलले तिनं. एक तुम्हाले, एक मले म्हणे."

शालूबाईंनी दगड होता तिथेच, जोडीदाराच्या शेजारी ठेवला. "नाई सांगत. सत्तावीसवरून कोनाचं भांडण झालं होतं?"

"भांडण नाई, बोलाचाली. मे महिन्यात तो लॉट नव्या टिनाच्या शेडमधी हलवला. हमालायनं थैल्या वरून फेकल्या, चौदा-चौदाची थप्पी लावली. अण्णाजी भैय्याजीले म्हणे, दाणा आपटला, तापला का उगवत नाई, पुन्हा तपासू द्या. भैय्याजी म्हणे, एकदा झाली ना तपासणी, अण्णाजी? तुम्ही रिटायर होऊन राह्यले चार महिन्यांत, आता तरी आराम करा."

"मंग?"

"मंग काय, अण्णाजी गेले गुपचूप."

•

तपासणीची खोली म्हणजे लांबच लांब टेबलं, त्यावर ओल्या वाळूचे ट्रे, आणि ट्रेमधून डोकं वर काढलेले सोयाबीनचे कोंब. खोलीला मातीचा आणि गार पाण्याचा वास. खिडकीशी कंप्युटर. शेजारच्या शेडमध्ये बायका दाणे निवडत होत्या. मधलं दार उघडंच.

गुलाबरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दचकले. "चार पंचवीस! शालू, सव्वाचारची गेली! आता पाच चाळीसशिवाय गाडी नाई."

शेडमधून आनंदाबाई नावाची बाई पदर तोंडाला लावून हसली. "बसा ना वो भाऊ! ते घड्याळ आमच्या मोटरीचं हाय. मागच्या पावसाळ्यात मोटर आम्हाले सोडून गेलती. अकरा बाया चिखलात पायी. तवापासून अण्णाजीनं समदे काटे पंचवीस मिनिटं पुढं केले. त्यात सहा वाजले का आमी फाटकावर."

गुलाबरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बरोबर चार. त्यांना या अण्णाजींबद्दल एकदम आपुलकी वाटली. डेपोत सारी हयात घालवूनही त्यांना हे सुचलं नव्हतं. शालूबाई तोवर कंप्युटरपाशी पोचल्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत चार सव्वीस वाजले होते. पडद्याच्या काठाला ज्योत्स्नाच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली:

'अण्णाजींसाठी. १. सर्व्हरवरची फाईल आपल्याकडे आणायची. २. आकडा भरून सेव्ह. ३. सर्व्हरवरची जुनी पुसायची. ४. नवी तिथं ठेवायची. घाई करायची नाही.'

"त्या पोरीनं शिकवलं," मागून आवाज आला. अण्णाजी उंच, वाळलेले, नखांत माती. "खुशी झोपली का ती मले एक बोट चालवाले लावे. सर्व्हरवरच्या सर्व्हरवर लिवलं का हा कंप्युटर अडकते, म्हणून असं आणा-ठेवाचं. ओलाव्याचे आकडे भरतो आम्ही दोघं मिळून." त्यांनी आवाज खाली आणला. "खुशीचा ताप उतरला का जी? तुम्हाले काई माहीत हाय?"

"उतरला," शालूबाई म्हणाल्या. "दाणे उगवाले किती दिवस देता?"

"सोयाबीनले आठ. आठव्या दिवशी शेवटची मोजणी. त्याच्या आधी मोजलं का दाण्यावर अन्याय, नंतर मोजलं का शेतकऱ्यावर."

गुलाबराव सवयीनं ट्रेंवरच्या चिठ्ठ्या गाड्यांच्या पाट्यांसारख्या वाचत निघाले. "एकतीस, तेवीस मे. तेहतीस, चोवीस मे. हे कोपऱ्यातले चार... सत्तावीस, अठरा मे..."

अण्णाजींनी ओलं पोतं उचलून कोपऱ्यातल्या ट्रेंवर टाकलं. "उन्ह लागते त्यायले," ते म्हणाले. त्या कोपऱ्यात ऊन नव्हतं.

शालूबाईंनी पर्स बंद केली. "भैय्याजीले इथंच बोलवा. नीरजलेही. पियुषले म्हणा, सर्व्हरपाशी बस अन् फोनजवळ राह्य."

•

साडेचारच्या सुमारास सगळे वाळूच्या ट्रेंमध्ये उभे होते. भैय्याजींना बसायला एकच स्टूल होतं, ते त्यांनी अण्णाजींपुढे सरकवलं.

"अहो," शालूबाई गुलाबरावांना म्हणाल्या, "त्या कंप्युटरपुढं बसा."

"मी? मी कधी हात नाई लावला त्याले!"

"म्हणूनच. चिठ्ठीत लिवलं तसं करा. मागच्या वर्षीचा लॉट नंबर एक. आकडा आहे तोच पुन्हा भरा."

ती दहा मिनिटं गुलाबरावांना डेपोतल्या चौतीस वर्षांहून लांब वाटली. त्यांनी फाईल आणली, बोटानं एक एक कळ शोधली, सेव्ह केलं, जुनी पुसली, नवी ठेवली. कोणी त्यांना नाव विचारलं नाही. पासवर्ड विचारला नाही. ते उठले तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता.

भिंतीवरचा फोन वाजला. शालूबाईंनी उचलून भैय्याजींच्या कानाला लावला. पियुषचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा झाला होता.

"साहेब, फाईल आली! मालक ज्योत्स्नाताई! पण ताई तर घरी हायेत. अन् साहेब, फाईल तयार झाली चार बेचाळीस, ते बरोबर. पण शेवटचा बदल पाच वाजून पाच मिनिटांनी! अजून पाच वाजलेच कुठं?"

नीरजनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं.

"दुसऱ्याच्या पासवर प्रवास!" गुलाबराव एकदम ओरडले. "मी ज्योत्स्नाच्या पासवर गेलो!"

"बरोबर," शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद उमटला जो गुलाबरावांना त्यांच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही दिसला नव्हता. "हा कंप्युटर डोमेनच्या बाहेरचा. म्हणून तो दरवेळी नाव विचारे. मांडीवर लेकरू घेऊन एका हातानं किती डाव सांगणार? एक दिवस ज्योत्स्नानं 'पासवर्ड लक्षात ठेव' याच्यापुढं खूण केली. तवापासून या खुर्चीत कोनीही बसो, सर्व्हरच्या लेखी ती ज्योत्स्नाच. हे मले सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं, अन् ती गप झाली."

"पण वेळ?" भैय्याजी.

"फाईल दुसरीकडून आणून ठेवली का बदलाची वेळ आपल्यासोबत घेऊन येते, जिथं बदल झाला तिथल्या घड्याळाची. पण जन्माची वेळ देते सर्व्हर, त्याच्या घड्याळानं. सत्तावीसची फाईल एप्रिलची. मंग ती गुरुवारी पाच एकोणतीसले जन्मली कशी? कारण जुनी पुसून त्या वेळेस नवी ठेवली. अन् पाच बावन्न हे या कंप्युटरचं घड्याळ, अकरा बायांच्या मोटरीसाठी पंचवीस मिनिटं पुढं केलेलं. म्हणजे आकडा बदलला पाच सत्तावीसले. तवा सगळे कारखान्यात होते. अन् ज्योत्स्ना कुठं होती, भैय्याजी?"

भैय्याजींचा हात आपोआप तुटक्या चष्म्याच्या खिशाकडे गेला. "माह्यासमोर," ते हळूच म्हणाले. "'साहेबीन'वर हसत होती."

"मंग इथं कोण होतं?" नीरजनं विचारलं.

"तुम्ही नव्हते, तुमच्याकडे साक्ष हाय. पियुषले ही खुर्ची लागत नाई. त्याच्याकडे सगळ्या किल्ल्या. ज्याले ही चिठ्ठी लिवून देल्ली, ज्याले दुसरा पासच नाई, असा एकच मानूस." शालूबाईंचा स्वर मऊ झाला. "अठरा मेले पेरलेले ट्रे. आठव्या दिवशी शेवटची मोजणी. अठरा अन् आठ, सव्वीस. गुरुवार. कोनी आकडा खोटा केला नाई, भैय्याजी. कोनीतरी खरा केला."

अण्णाजी स्टुलावरून उठले होते. पण त्यांचं लक्ष भैय्याजींकडे नव्हतंच.

"म्हणजे पोरीवर आळ आला? माह्यामुळं? खुशीले ताप नाईच?" ते शालूबाईंपाशी आले. "बाई, देवाशपथ मले माहीत नव्हतं. मले वाटलं, कंप्युटर माहंच नाव लिवीन. लॉट थांबला, माहं काम झालं. साहेब ओरडतील तर ओरडतील, चार महिने राह्यले."

"मले काऊन नाई सांगतलं?" भैय्याजींचा आवाज चढला.

"सांगतलं होतं जी. तुम्ही म्हणाले आराम करा."

भैय्याजी वळले. कोपऱ्यात गेले, पोतं बाजूला केलं आणि पहिल्या ट्रेवर वाकले. चष्मा नव्हता, म्हणून बोटानं एकेक कोंब चाचपत मोजत राहिले. जिथं कोंब नव्हता तिथं बोट थांबायचं. चारही ट्रे मोजून झाले तेव्हा शेडमधल्या बायकाही दारात येऊन उभ्या होत्या.

"बासष्ट. सहासष्ट. त्रेसष्ट. पासष्ट." त्यांनी हात झटकले. "आर्वी-आष्टीत हे पेरलं असतं तर शंभरातल्या छत्तीस जागा रिकाम्या राह्यल्या असत्या. नीरज, सत्तावीस नंबर समदा तेलघाण्याले. डीलरले मी स्वतः फोन करतो. अन् अण्णाजी, तुमचं काय करू मी?"

"काय करायचं ते करा जी. पण आधी मले तिच्या घरी न्या."

•

ज्योत्स्नाचा नवरा अंकित दारातच उभा होता. भैय्याजींना पाहून त्यानं हातातला टॉवेल घट्ट धरला. पण अण्णाजी कोणाची वाट न पाहता त्याच्या बाजूनं आत गेले आणि ज्योत्स्नासमोर खालीच बसले.

"पोरी, तुले समजलं होतं का मीच म्हणून?"

ज्योत्स्नानं मान हलवली. "आज सकाळीच. शालूताईले सांगता सांगता."

"मंग बोलली काऊन नाई? नोकरी जात होती ना तुही!"

"तुमचे चारच महिने राह्यले, अण्णाजी. अशा वेळेस तुम्हाले काढलं असतं तर उमरभर तेच लोकायच्या ध्यानात राह्यलं असतं. माह्यापाशी अजून लय वर्षं हायेत, काही ना काही भेटलं असतं." तिनं डोळे पुसले. "पण तुम्ही आकडा काऊन बदलवला, ते नाई समजलं मले. तुम्ही खोटं लिवाचेच नाई."

"खोटं नाईच लिवलं," भैय्याजी दारातून म्हणाले. "मी मोजले. चौसष्टच हाय." ते क्षणभर घुटमळले. एवढा मोठा माणूस, पण पायातल्या चपलांचं काय करावं हे त्याला कळेना. "ज्योत्स्ना, माही चूक झाली. सोमवारी येजो. अन् अण्णाजी बी येतील, सप्टेंबरपर्यंत, हार घालून पाठवीन त्यायले. पियुषले सांगतो, त्या फाईलीवरून तुहं नाव काढून टाक म्हणून. अण्णाजीचं टाकू."

गुलाबरावांना वाटलं, आता ही पोरगी रडणार. त्यांनी खिशातला रुमाल तयार ठेवला.

ज्योत्स्नानं खुशीला अण्णाजींच्या मांडीवर दिलं, पदर सावरला आणि सरळ भैय्याजींकडे पाहिलं.

"आकडा खरा हाय ना जी?"

"खरा हाय."

"मंग राहू द्या. नाव माहंच राहू द्या."